ठाण्याला उतरावंच लागतं, मॅडम

"फ्लेअर (आजार परत उसळणं) गेला, रिपोर्ट नॉर्मल आले, तरी घराबाहेर पडायची भीती जात नाही, मग हे पोटाचं आहे की मनाचं?" कोलायटिसवाले (मोठ्या आतड्याला सूज येण्याचा आजार असलेले) मला हे सारखं विचारतात, म्हणून एक केस सांगते (नाव, गाव, काम सगळं बदललंय).

सुहास, 31 वर्षांचा, डोंबिवलीहून फोर्टला रोजचं अपडाउन. रक्त पडतंय म्हणजे मूळव्याधच असं धरून वर्षभर मलम, इसबगोल, आईची सुरणाची भाजी, सगळं झालं आणि मग कोलोनोस्कोपीत (दुर्बिणीने आतडं तपासतात त्यात) कळलं की अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा. मेसालामाइनच्या गोळ्या सुरू केल्या, चार महिन्यांत गडी ठणठणीत, आणि ठणठणीत झालो म्हणून गोळ्या बंद! माझ्याकडे येणाऱ्यांत ही चूक फार कॉमन आहे, बरं वाटतंय ते त्या गोळ्या आतली सूज दाबून धरतायत म्हणून, हे कुणी नीट सांगतच नाही. फ्लेअर परत आला आणि तो नेमका ठाणे-दादरच्या मधे, फास्ट लोकलमधे, जिथे टॉयलेट नसतं. त्या दिवशी काय झालं ते त्याने मला तिसऱ्या सेशनला सांगितलं, तेही पंख्याकडे बघत.

मग त्याचं रुटीन असं झालं की रात्री सातला जेवायचं, त्यानंतर ऑफिसात पोचेपर्यंत पाणीसुद्धा नाही, बॅगेत काळ्या पिशवीत एक जादा पॅन्ट, आणि लागलेली असो नसो ठाण्याला उतरायचं, जाऊन यायचं, पुढची गाडी पकडायची. दहाच्या ऑफिसला हा सकाळी पावणेसातला घर सोडायचा.

मी आधी माती खाल्ली, श्वासाचे व्यायाम दिले. तो म्हणाला, "मॅडम, श्वास मोजून संडास थांबत नाही." बरोबरच होतं त्याचं. फ्लेअरमधे गुदाशयालाच सूज असते, थोडंसं आलं तरी धरवत नाही, त्यात मनाचा काय दोष? त्या दिवसांत हिंमत वाढवायचे प्रयोग नकोतच. डॉक्टरांना फोन करायचा, इन्फेक्शन नाही ना यासाठी स्टूल टेस्ट करायची, कपाटातलं जुनं स्टेरॉइड आपल्या मनाने सुरू करायचं नाही आणि अचानक बंदही करायचं नाही. पाठदुखीला डायक्लोफिनॅकसुद्धा विचारून, कारण असल्या पेनकिलरनी काहींचं पोट बिघडतं (हा पठ्ठ्या सर्रास घ्यायचा). आणि दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्तासकट जावं लागतंय, वर ताप आहे किंवा छाती धडधडतेय, तर सरळ हॉस्पिटल, उद्या बघू नाही.

पण माझ्याकडे आला तेव्हा त्याचं कॅलप्रोटेक्टिन (आतड्याची सूज दाखवणारी स्टूल टेस्ट) नॉर्मल होतं, दिवसाला दोनदा जात होता. म्हणजे आता ठाण्याला पोट उतरवत नव्हतं, भीती उतरवत होती. तिथे मग काम सुरू केलं. आधी फक्त घरून पोहे खाऊन, पाणी पिऊन निघायचं. मग रविवारी दुपारची रिकामी स्लो लोकल, कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, कळ आल्यासारखं वाटलं की लगेच न उतरता एक स्टेशन थांबायचं, नंतर दोन. दोन महिने लागले, मधे दोनदा उतरलाही, उतरू दे की.

सगळ्यात अवघड गेलं ते डब्यातल्या मित्राला सांगणं. "मला पोटाचा आजार आहे, मधेच उतरलो तर हाका मारू नको" एवढंच वाक्य, पण आम्ही ते चार वेळा बोलून बघितलं. मित्र म्हणाला, "हात्तिच्या, मला वाटलं तुझं ठाण्याला काहीतरी लफडं आहे!"

काळी पिशवी अजून बॅगेत असते, मी कधी काढायला सांगितली नाही. मधे परत थोडं रक्त दिसलं तर यावेळी त्याने दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना गाठलं, त्यांनी एनिमा (गुदद्वारातून घ्यायचं औषध) वाढवून दिला, आठवडाभर घरून काम केलं. गोळ्या चालू आहेत, रोजच्या डब्याच्या पिशवीतच ठेवतो.