प्लॅटिनमची धातुकाच

प्रश्न : माझ्या प्लॅटिनमच्या अंगठीवर सारखे ओरखडे पडतात. प्लॅटिनमच्या धातुकाचेची अंगठी जास्त टिकेल का?

उत्तर : ओरखड्यांपुरतं म्हणाल तर हो, नक्कीच. प्लॅटिनम, तांबं, निकेल आणि फॉस्फरसचा रस झटकन थंड केला की अणूंना रांगेत बसायला वेळच मिळत नाही, ते काचेतल्यासारखे विस्कळीत राहतात; हीच धातुकाच, आणि तिचा कठीणपणा नेहमीच्या प्लॅटिनमच्या दुपटीवर जातो. वजनात प्लॅटिनम ८५ टक्क्यांच्या आसपास. शुद्ध प्लॅटिनम वितळायला १७६८ अंश सेल्सिअस लागतात, हे मिश्रण ६०० अंशांच्या आतच वाहू लागतं आणि साच्यातली केसाएवढी रेघही उठते. कारागीर म्हणून मला याचंच अप्रूप! मात्र अंगठी लहान-मोठी करताना डाख द्यायला ज्योत लावली, की आत स्फटिक धरतात आणि अंगठी ठिसूळ होते. तेव्हा बोटाचं माप आधीच पक्कं करा. निकेलने खाज सुटत असेल, तर निकेलविरहित प्रकार मागा.