मोठ्या आतड्याचा कॅन्सर मेंदूत गेल्यावर केमो बदलावी का?

वडिलांच्या एमआरआयमध्ये मेंदूत दोन गाठी दिसल्या, आता केमो बदलावी का, असं तुम्ही विचारलंय. मी रेडिएशनचा डॉक्टर आहे. फिल्म न पाहता त्यांचं नेमकं सांगता येत नाही, पण बहुतेक वेळा आधी गाठींवर थेट उपचार होतात आणि केमोचं नंतर ठरतं. रक्तातून मेंदूत काय शिरू द्यायचं यावर शरीराचा कडक पहारा असतो. त्यामुळे यकृतातल्या गाठी आटोक्यात ठेवणारी नेहमीची औषधं मेंदूत पुरेशी पोचत नाहीत.

दोन्ही गाठी लहान असतील, साधारण तीन सेंटीमीटरच्या आत, तर गॅमा नाइफ किंवा सायबरनाइफसारखं नेमकं रेडिएशन माझ्या मते पहिली पसंती. नावात चाकू असला तरी कवटी उघडत नाहीत; एक ते पाच सिटिंगमध्ये काम होतं. पूर्ण मेंदूला रेडिएशन दिल्यावर स्मरणशक्तीला फटका बसतो, म्हणून दोनच गाठींसाठी मी त्याकडे सहसा वळत नाही.

गाठ मोठी असेल तर गोष्ट वेगळी. आतड्याच्या कॅन्सरमध्ये गाठ बऱ्याचदा लहान मेंदूत, म्हणजे डोक्याच्या मागच्या बाजूला सापडते. चालताना तोल जातो, उलट्या होतात, आणि घरचे (कधी आम्हीही) दोष केमोला देतो. तिथे जागा कमी, त्यामुळे मेंदूभोवतीच्या पाण्याची वाट अडून जिवावर बेतू शकतं. अशा वेळी आधी ऑपरेशन आणि मग त्या पोकळीला रेडिएशन.

गाठीभोवतीची सूज उतरवायला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात. एक-दोन दिवसांतच माणूस इतका सुधारतो की घरच्यांना वाटतं आजार हटला. हटलेला नसतो. गोळ्या सकाळी-दुपारी द्या, नाहीतर झोप उडते. साखर तपासत राहा. आणि मनाने एकदम बंद करू नका. फिट आलेली नसेल तर फिटच्या गोळ्या सहसा लागत नाहीत.

केमोचं विचारणारच असाल तर गाठीतले जनुकीय बदल दाखवणाऱ्या एमएसआय, एचईआर२, आरएएस आणि बीआरएएफ या तपासण्या झाल्या आहेत का, ते विचारा. एमएसआय-हाय निघाला, म्हणजे गाठीच्या पेशींची डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडलेली असेल, तर इम्युनोथेरपीचा (शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढवणाऱ्या औषधांचा) मार्ग खुला होतो. यकृत-फुफ्फुसातला आजार हाताबाहेर गेला असेल आणि वडील अंथरुणाला खिळले असतील, तर फक्त स्टेरॉइड आणि पॅलिएटिव्ह केअर (त्रास कमी करणारी देखभाल) हाही योग्य निर्णय असू शकतो.

रेडिएशननंतर दर दोन-तीन महिन्यांनी एमआरआय होईल. काही महिन्यांनी गाठ वाढल्यासारखी दिसली तरी लगेच घाबरू नका. रेडिएशनने मेलेला भागही तसाच दिसतो, आणि त्यावरचा उपचार वेगळा असतो.