अभिक्रियेचा ‘दर’ की ‘वेग’?

प्रश्न असा आला आहे: ‘मुलीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात “रासायनिक अभिक्रियेचा दर” असं छापलंय. आमचे सर “वेग” म्हणायचे. दर कांद्याचा असतो, सोन्याचा असतो, रसायनाचा कसा? यातलं चूक काय?’

चूक काहीच नाही. तुमच्या सरांचा ‘वेग’ तर चांगला खानदानी आहे. आम्ल घातलेल्या उसाच्या साखरेचं विघटन किती भरभर होतं, हे विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञाने 1850 साली मोजलं. जर्मन रसायनशास्त्रात या राशीला जो शब्द रूढ झाला त्याचा सरळ अर्थ वेग. फ्रेंचांनीही वेगच म्हटलं आणि जुन्या इंग्रजी पुस्तकांतही तोच होता. बारावीच्या हिंदी पुस्तकात आजही ‘अभिक्रिया वेग’ सापडेल.

भौतिकशास्त्राची माणसं यावर एक हरकत घेतात. त्यांच्याकडे नुसती ‘चाल’ वेगळी आणि दिशा असलेला ‘वेग’ वेगळा. चंचुपात्रातल्या द्रावणाला कसली आलीय दिशा? मला ही हरकत फारशी पटत नाही. ‘कामाला वेग आला’ म्हणताना दिशा कोण विचारतो? ‘दर’ची बाजू मला घ्यावीशी वाटते ती वेगळ्या कारणाने.

दरमहा, दररोज, दरडोई हे शब्द घ्या. इथे दर म्हणजे ‘प्रत्येक’. आता कांद्याचा दर: प्रत्येक किलोला किती रुपये. हे दोन ‘दर’ मुळात एकच की वेगळे, या वादात शिरत नाही, पण माझ्या कानाला ते एका घरातले वाटतात. दोन्हीकडे एका गोष्टीच्या एककामागे दुसरी किती, हाच हिशेब आहे. रसायनातही तेच चालतं: दर सेकंदाला किती पदार्थ संपला किंवा किती तयार झाला. भाजीचा सकाळचा दर संध्याकाळी राहत नाही, तसा अभिक्रियेचाही राहत नाही. अभिक्रियाकारक, म्हणजे अभिक्रियेत वापरले जाणारे मूळ पदार्थ, संपत आले, त्यांची संहती (द्रावणातलं प्रमाण) उतरली, की बहुतेक वेळा दरही उतरतो. म्हणून प्रयोगात बऱ्याचदा ‘सुरुवातीचा दर’ मोजतात.

खरी गोची मात्र वेगळीच आहे. घरातल्या मराठीत आपण यातला एकही शब्द वापरत नाही. ‘थंडीत दही लागायला वेळ लागतो’, ‘उन्हाळ्यात पीठ लवकर आंबतं’, ‘ओंडका पेटत नाही, आधी ढलप्या घाल’. तापमान आणि तुकड्यांचा आकार, दर बदलणारे पुस्तकातले दोन घटक स्वयंपाकघरात असे बोलले जातात. पण मोजला जातो तो वेळ. आणि वेळ ही दराची उलटी बाजू आहे.

प्रयोगशाळेत पोरं अडखळतात ती इथेच. फुलीचा प्रयोग आठवा: कागदावर पेन्सिलीने फुली काढायची, तिच्यावर चंचुपात्र ठेवायचं, त्यात सोडियम थायोसल्फेटचं द्रावण (फोटोवाल्यांचा हायपो) आणि वर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल. गंधकाचे बारीक कण तयार होऊन द्रावण दुधाळ होतं आणि फुली दिसेनाशी होते. समजा, थंड द्रावणात याला 80 सेकंद लागले आणि कोमट द्रावणात 40. फुली झाकायला गंधक दोन्ही वेळा साधारण तितकंच लागतं, म्हणजे दर दुप्पट झाला. पण वहीत आकडा दिसतो अर्धा! मग पोर लिहून मोकळं होतं, ‘तापमान वाढवल्यावर दर कमी झाला’. ‘दर सेकंदाला किती?’ हा प्रश्न स्वतःला विचारला असता तर पेन थांबलं असतं. तो प्रश्न ‘दर’ या शब्दातच दडलाय, ‘वेग’मध्ये तो शोधावा लागतो. (दहा अंशांमागे दर दुप्पट हा ढोबळ ठोकताळा आहे, सगळ्या अभिक्रिया तो पाळत नाहीत.)

वाक्यात वापरताना दोघांचे स्वभाव वेगळे. ‘अभिक्रिया वेगाने होते’ चालतं. ‘अभिक्रिया दराने होते’ लंगडं. दराला ‘कमी’, ‘जास्त’ असं काहीतरी मागे लागतंच. वेग मंदावतो, दर उतरतो. हिंदीत दर स्त्रीलिंगी, त्यामुळे तिकडून उतरवलेल्या नोट्समध्ये ‘अभिक्रियेची दर’ दिसते. ते मात्र चूक. आपल्याकडे तो दर.

जाता जाता ‘अभिक्रिया’बद्दल. मराठी विश्वकोशात तुम्हाला ‘विक्रिया’ भेटेल. अर्थ तोच, फक्त शाळेच्या पुस्तकांनी अभिक्रिया उचलली. ‘प्रक्रिया’ इथे नको, ती सांडपाण्यावरही करतात. ‘प्रतिक्रिया’ न्यूटनच्या तिसऱ्या नियमाला आणि वाचकांच्या पत्रांना राहू द्या.

आणि दर वाढवायला आम्ल ‘तीव्र’ घ्या असं मुलगी लिहीत असेल, तर तेवढं तपासा. पाणी कमी असलेलं ते ‘संहत’, पाणी घालून पातळ केलेलं ते ‘विरल’. ‘तीव्र’ आणि ‘सौम्य’ ही आम्लाची जात झाली, पाण्यात त्याचं विचरण (आयनांमध्ये सुटं होणं) किती होतं त्यावरून ठरणारी. ॲसेटिक आम्ल संहत केलं तरी सौम्यच. हायड्रोक्लोरिक कितीही विरल केलं तरी जातीने तीव्र. दर आणि वेग यांची अदलाबदल परीक्षक चालवून घेईल, ही नाही.