६ इंची डॉब्सोनियनवर ग्रह टिपायला कोणता कॅमेरा घ्यावा?

तुमची दुर्बीण १५० मिमी आरशाची, एफ/८ (नाभीय अंतर आरशाच्या व्यासाच्या आठपट), हाताने फिरवायची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण आहे. घरातला जुना डीएसएलआर वापरावा, ८ मेगापिक्सेलचा खगोल कॅमेरा घ्यावा की २ मेगापिक्सेलचा छोटा, असा तुमचा प्रश्न आहे. माझं मत विचाराल तर छोटाच घ्या. आयएमएक्स ४६२ किंवा त्यानंतरचा आयएमएक्स ६६२ सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप), रंगीत आणि यूएसबी ३.

मेगापिक्सेलचा मोह आधी बाजूला ठेवू. प्रतियुतीच्या सुमारास, म्हणजे गुरू आकाशात सूर्याच्या बरोबर समोर असतो तेव्हा, त्याचं बिंब साधारण ४५ ते ५० विकलांचं असतं (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). तुमच्या दुर्बिणीचं नाभीय अंतर १२०० मिमी, दुप्पट बार्लो (नाभीय अंतर वाढवणारं भिंग) लावला की २४००. अशा वेळी २.९ मायक्रॉनच्या एका पिक्सेलवर जेमतेम पाव विकला येते, म्हणजे अख्खा गुरू १८० ते २०० पिक्सेलांत बसतो. या सेन्सरची रुंदीच १९३६ पिक्सेल आहे. उरलेलं सगळं काळं आकाश.

खरी लढाई हवेशी असते. लॅपटॉपच्या स्क्रीनवर गुरू सतत थरथरताना दिसतो. मध्येच क्षणभर हवा स्थिर होते, विषुववृत्ताजवळच्या पट्ट्याची कड स्वच्छ दिसते, त्यातली एखादी गाठ ओळखू येते, आणि लगेच सगळं पुन्हा विरघळतं. तो क्षण पकडायचा तर एक्स्पोजर १० मिलिसेकंदांच्या आसपास हवं आणि सेकंदाला शंभरेक फ्रेम यायला हव्यात. मग हजारो फ्रेममधून चांगल्या तेवढ्या निवडून एकावर एक रचायच्या. म्हणून कॅमेऱ्याचा वेग आणि कमी रीड नॉइज (सेन्सरवरून चित्र वाचताना त्यात मिसळणारा गोंगाट) यांना महत्त्व आहे. सेन्सर थंड करणारा कॅमेरा घेऊ नका, इतक्या छोट्या एक्स्पोजरला त्याचा उपयोग नाही.

मोटर नसल्यामुळे तुमच्या बाबतीत एक गोष्ट फार महत्त्वाची ठरते. आकाश सेकंदाला १५ विकला सरकतं आणि सेन्सरच्या पूर्ण रुंदीत साधारण ४८० विकला मावतात. म्हणजे गुरू एका कडेने शिरून दुसऱ्या कडेने बाहेर पडायला अर्धा मिनिट लागतो. तेवढ्या वेळात दुर्बिणीला हात लावायचा नाही, नुसतं रेकॉर्ड करायचं. कॅमेरा फोकसरमध्ये असा फिरवून बसवा की ग्रह आडवा, रुंदीच्या दिशेने सरकेल. मग रुंदी पूर्ण ठेवून उंची फक्त ४०० पिक्सेलपर्यंत कापा. या सेन्सरचा वेग मुख्यतः ओळींच्या संख्येवर ठरतो, त्यामुळे उंची कापली की फ्रेम भराभर येतात. मात्र १९३६ बाय ४०० च्या शंभर फ्रेम म्हणजे सेकंदाला ७५ एमबीच्या वर डेटा. यूएसबी २ ला तो झेपत नाही, म्हणून यूएसबी ३ चा आग्रह. लॅपटॉपमध्ये एसएसडी असलेली बरी.

अशा चार-पाच फेऱ्या लागोपाठ घ्या, पण सगळ्या मिळून तीन मिनिटांच्या आत. गुरू दहा तासांहून कमी वेळात स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे बिंबाच्या मध्यावरचा तपशील मिनिटाला जवळपास पाव विकला सरकतो. १५० मिमीची विभेदनक्षमता (वेगळा ओळखू येणारा सर्वांत बारीक तपशील) पाऊण विकलेच्या आसपास आहे, हिशेब तुम्हीच करा. फेऱ्या जोडून ग्रह मध्यावर आणायचं काम पिप करतं, फ्रेम रचायला ऑटोस्टॅकर्ट, रेकॉर्डिंगला फायरकॅप्चर. ही तिन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत.

८ मेगापिक्सेलच्या आयएमएक्स ५८५ चे पिक्सेलही २.९ मायक्रॉनचेच, फक्त रुंदी दुप्पट. त्यामुळे ग्रह दुप्पट वेळ सेन्सरवर राहील, हा तुमच्यासारख्याला खरा फायदा आहे. तरीही तो वाढीव खर्च मी ट्रॅकिंगसाठी, म्हणजे ग्रहामागे दुर्बीण आपोआप फिरवणाऱ्या मोटरसाठी राखून ठेवीन.

बार्लो निवडताना ढोबळ नियम असा: पिक्सेलचा मायक्रॉनमधला आकार गुणिले पाच, तेवढा एफ-अंक. २.९ ला साडेचौदा येतो, तुमचा दुप्पट बार्लो एफ/१६ देतो, उत्तम जमतं. आयएमएक्स ६७८ चे पिक्सेल २ मायक्रॉनचे, त्याला एफ/१० पुरे, तिथे दुप्पट बार्लो जास्त होईल. तिप्पट बार्लोच्या नादी लागूच नका. चित्र मोठं होतं, अंधूक होतं आणि फेरीचा वेळही घटतो.

डीएसएलआरने चंद्र सुंदर येतो, तो जरूर काढा. ग्रहांसाठी त्याचा साधा व्हिडिओ नको, कारण पूर्ण सेन्सरचं चित्र लहान करून, त्यावर आणखी कॉम्प्रेस करून साठवलेलं असतं. शिवाय तुमच्यासारख्या आरशाच्या (न्यूटोनियन) दुर्बिणीवर त्याचा फोकस बऱ्याचदा आतपर्यंत पोचत नाही आणि वजनाने नळी झुकते.

वरचे सेन्सर बऱ्याच कंपन्या वापरतात, झेडडब्ल्यूओ, क्यूएचवाय, प्लेयर वन वगैरे, चित्रात फारसा फरक पडत नाही. सेन्सरपुढे साधी काच असेल तर आयआर-कट फिल्टर सोबतच घ्या. हे सेन्सर अवरक्त प्रकाश भरपूर टिपतात आणि त्याविना रंग बिघडतात. मोनो, म्हणजे कृष्णधवल कॅमेऱ्याच्या वाटेला सध्या जाऊ नका, हाताने फिरवायच्या दुर्बिणीवर तीन फिल्टर बदलत बसणं जिकिरीचं आहे.

बजेट फारच कमी असेल तर जुना आयएमएक्स २२४ वापरलेला मिळतोय का बघा. पिक्सेल ३.७५ मायक्रॉनचे, तुमच्या बार्लोशी तोही जुळतो. सेन्सर १३०४ पिक्सेल रुंद असल्याने फेरी थोडी छोटी होईल, पण रंगांची संवेदनशीलता आजही छान आहे. घेताना लॅपटॉपला जोडून पूर्ण वेगाने पाच मिनिटं चालवून बघा. केबल हलवल्यावर फ्रेम तुटत असतील तर पोर्ट सैल आहे, तो सोडून द्या.