वाचक विचारतात : सेल्फला पेटते, चावी सोडली की बंद

प्रश्न : माझ्याकडे १९९१ ची मझदा एमएक्स-५ आहे, १.६ लिटर इंजिनाची. अलीकडे एक त्रास सुरू झालाय. सेल्फ मारला की इंजिन पेटतं, पण चावी हातातून सुटून मागे आली की लगेच बंद पडतं. कधी सगळं सुरळीत, कधी चार-पाच वेळा असंच. गाडी उन्हात उभी असेल तर जास्त. पहिल्या मेकॅनिकने फ्युएल पंप बदलला, फरक पडला नाही. दुसरा म्हणतो, पंपाचा रिले गेलाय, तो चालकाच्या पायांच्या वर, डॅशबोर्डच्या आत आहे, आणि त्यासाठी अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागेल. हे खरं आहे का? हे काम मी घरी करू शकेन का? मला मल्टिमीटर वापरता येतो.
– एक वाचक

उत्तर : डॅशबोर्ड उतरवू देऊ नका. तीस वर्षं ऊन खाल्लेलं प्लास्टिक असतं ते. एकदा उतरवलं की क्लिपा तुटतात, कोपरे तडकतात, आणि पुढे प्रत्येक खड्ड्यात गाडी खुळखुळत राहते. या रिलेसाठी त्याची गरजच नाही. काम तुम्ही करू शकाल. पण जागा अडचणीची असली की लोक तपासणी टाळतात आणि अंदाजाने थेट सुटा भाग बदलतात, हे मी वायरिंगच्या कामात सतत बघते. खरं तर जिथे हात पोचत नाही, तिथे हात घालण्याआधी बाहेरून जेवढं तपासता येईल तेवढं तपासून घ्यायला हवं. तुमच्या गाडीत बरंच काही बाहेरून तपासता येतं.

आधी तुमच्या लक्षणाचा अर्थ लावू. रिले म्हणजे विजेने चालू-बंद होणारा स्विच. तुमच्या या रिलेला सर्किट ओपनिंग रिले म्हणतात. त्याच्या पोटात संपर्क एकच, पण तो ओढणाऱ्या कॉइल दोन. सेल्फ फिरत असताना पहिली कॉइल स्टार्टरच्या वायरीतून करंट घेते आणि पंप चालू करते. चावी सोडली की ती सुटते, आणि तिथून पुढे दुसरी कॉइल संपर्क धरून ठेवते. या दुसऱ्या कॉइलला अर्थिंग (करंटची परतीची वाट) मिळतं ते एअर फ्लो मीटरमधल्या, म्हणजे इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या भागातल्या, एका छोट्या स्विचमधून. इंजिन हवा ओढतं, मीटरमधली झडप उघडते, स्विच लागतो, पंप चालू राहतो. इंजिन थांबलं की हवा थांबते आणि पंपही थांबतो. अपघातात इंजिन बंद पडलं तर पेट्रोल वाहत राहू नये म्हणून ही योजना आहे. मला ती फार आवडते, कारण तिच्यात कॉम्प्युटरचा हात नाही आणि सगळी साखळी एका टेस्ट लॅम्पने तपासता येते. (१९९४ च्या मॉडेलपासून १.८ इंजिन आलं, त्यात हे बदललं. तिथे दुसऱ्या कॉइलला अर्थिंग कॉम्प्युटर देतो. पुढचं सगळं १.६ साठी आहे.)

आता बघा, सेल्फ मारताना इंजिन पेटतंय. म्हणजे पंप ठीक, पंपाकडे जाणारी वायर ठीक, रिलेचा संपर्कही ठीक. पंप बदलायचं कारणच नव्हतं. बिघाड दुसऱ्या कॉइलच्या बाजूला आहे. तिथे संशयित चार : मीटरमधला स्विच, तिथून रिलेपर्यंतची वायर, खुद्द रिलेची दुसरी कॉइल किंवा तिचा सोल्डरचा सांधा, आणि मीटरच्या पुढचा रबरी पाइप. हा पाइप लोक विसरतात. तो घड्यांमध्ये चिरला असेल तर इंजिन फटीतून हवा ओढतं, झडप पुरेशी उघडत नाही आणि पंप बंद होतो. पाइप दोन्ही हातांनी वाकवून बघा, वरून दिसत नाहीत अशा चिरा खालच्या बाजूला असतात.

त्रास चालू असतानाच तपासा. थंड गाडीत सगळं बरोबर सापडेल आणि तुम्ही गोंधळाल.

बॉनेट उघडा. आत एक छोटी काळी डबी दिसेल, झाकणावर डायग्नोसिस असं लिहिलेलं. झाकणाच्या आतल्या बाजूला कुठला खाचा कशाचा, याचा नकाशा असतो. त्यातले एफ/पी (फ्युएल पंप) आणि जीएनडी (ग्राउंड, म्हणजे अर्थिंग) हे दोन खाचे वायरच्या तुकड्याने जोडा. खाचे नीट वाचून जोडा, शेजारचे चुकून जोडू नका. मग इंजिन चालू न करता फक्त चावी ऑन करा आणि सीटांच्या मागे कान द्या. पेट्रोलची टाकी तिथेच आहे, पंपाची घरघर स्पष्ट ऐकू येते.

पंप चालला, तर दुसरी कॉइल शाबूत आहे. डॅशबोर्डखाली जायचं कामच नाही. जोडवायर काढा, एअर फिल्टरच्या बाजूने मीटरची झडप बोटाने हळूच आत ढकला, चावी ऑन ठेवून. आता पंप चालला नाही तर दोष मीटरच्या स्विचमध्ये, त्याच्या कपलरमध्ये (वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये) किंवा तिथल्या वायरमध्ये. झडपेनेही पंप चालला, तर तो चिरलेला पाइप पुन्हा एकदा बघा.

जोडवायर लावूनही पंप गप्प राहिला, तर संशय रिलेवर पक्का होत जातो. वायर सोडली तर आणखी एक शक्यता उरते, की इग्निशन स्विचचा ऑनचा संपर्क खराब झाल्यामुळे चावी मागे आली की रिलेला करंटच मिळत नाही. ते रिलेच्या कपलरवर मोजून कळेल, आणि तिथे तर तुम्ही जाणारच आहात. जोडवायर लावून गाडी चालवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. मघाशी सांगितलेली सुरक्षेची योजना त्याने निकामी होते.

आता आत जायचं. या गाडीची बॅटरी डिकीत असते. तिची निगेटिव्ह वायर सोडा, पण रेडिओला कोड असेल तर तो आधी लिहून ठेवा. गाडीला एअरबॅग असेल तर बॅटरी सोडल्यावर मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ थांबा, आणि एअरबॅगच्या वायरींना मल्टिमीटर अजिबात लावू नका.

मग चालकाची सीट काढा. लोक हे टाळतात आणि पाठ मोडून घेतात. चार बोल्ट असतात, पुढे दोन, मागे दोन. सीट निघाली की गाडीच्या तळावर सपाट उताणं झोपता येतं, डोकं पेडलांपाशी, पाय मागे. स्टिअरिंगखालचं पॅनल काढा. दोन्ही हात वर पोचतात आणि दोन्ही डोळ्यांना दिसतं. डोक्याला लावायचा दिवा हवाच, कारण हातातल्या टॉर्चला तिथे हात शिल्लक राहत नाही. चष्मा घाला. वर्षानुवर्षांची धूळ सरळ डोळ्यांत पडते. पेडलाजवळ मऊ फडकं पसरून ठेवा, म्हणजे निसटलेला बोल्ट कार्पेटखाली जाणार नाही.

रिले पत्र्याच्या पट्टीवर बोल्टने धरलेला असतो. तो बोल्ट सोडा आणि रिले कपलरसकट जेवढा येईल तेवढा खाली आणा. बहुतेक वेळा वायरीला थोडी ढील असते. कपलर काढताना वायरी ओढू नका. त्याला एक जीभ असते. ती अंगठ्याने दाबायची आणि त्याच वेळी कपलर आधी किंचित रिलेकडे ढकलायचा, मग मागे घ्यायचा. ढकलल्याने जिभेवरचा ताण जातो, ती सहज दबते. जुनी जीभ जोराने दाबली तर मोडते. मग कपलर कायम सैल राहतो आणि तुम्ही स्वतःच्या हाताने नवा बिघाड तयार करता.

रिले हातात आला की मोजा. त्याच्या पायांना एसटीए, ई१, बी, एफपी, एफसी अशी नावं आहेत. एसटीए ते ई१ (पहिली कॉइल) साधारण १५ ते ३० ओहम, बी ते एफसी (दुसरी कॉइल) ८० ते १५० ओहम, आणि बी ते एफपी (संपर्क) उघडं, म्हणजे जोडच नाही. बी ते एफसीमध्येच तुमचा रोग सापडायला हवा. मोजताना पाय अलगद हलवा. आकडा नाचला तर सोल्डर फाटलाय. जमत असेल तर झाकण उचकटून भिंगाखाली बघा. पायाभोवती केसाएवढी काळी गोल रेघ दिसेल. गरम-थंड होऊन आणि हादरे खाऊन सांधा तिथे सुटतो, म्हणूनच गाडी उन्हात जास्त रुसते. जुना सोल्डर पूर्ण काढून, फ्लक्स लावून नवा डाग दिला तर रिले पुन्हा चालतो. पण मी असा रिले डिकीत जादा म्हणून ठेवेन, त्या जागेवर पुन्हा बसवणार नाही. तिथे दुसऱ्यांदा झोपायची वेळ येऊ नये.

नवा घेताना जुन्यावरचा नंबर जुळवून घ्या. दुकानात मिळणारा चार पायांचा साधा चौकोनी रिले इथे चालणार नाही, त्याला कॉइल एकच असते.

बसवण्याआधी कपलरकडे नीट बघा. आतला पत्रा हिरवट झालाय का, प्लास्टिक तपकिरी पडलंय का? प्रत्येक खाच्यात त्याच जाडीचा सुटा पाय घालून बाहेर ओढा, थोडी पकड जाणवली पाहिजे. बॅटरी तात्पुरती जोडून, चावी ऑन करून बीच्या खाच्यात व्होल्टेज मोजा. बॅटरीइतकं आलं तर इग्निशन स्विच निर्दोष. मग बॅटरी पुन्हा सोडा, रिले बसवा, बोल्ट आवळा.

सीट मात्र लगेच बसवू नका. बॅटरी जोडून गाडी चालू करा, तापू द्या, बंद करून पुन्हा चालू करा, कपलरजवळच्या वायरी हलवून बघा. शेवटी इंजिन बंद करून चावी ऑन करा आणि पुन्हा सीटांमागे कान द्या. पंप गप्प असला पाहिजे. घरघर येत असेल तर डायग्नोसिसच्या डबीतली जोडवायर काढायची राहिली आहे.