येरळवाडीची तपकिरी बदकं

पोरी,
अनेक आशीर्वाद.

खटाव तालुक्यातल्या येरळवाडी तलावाचे फोटो पोचले. लाल डोक्याच्या, काळ्या छातीच्या, राखी पाठीच्या त्या दोन बदकांना तू छोटी लालसरी म्हणालीस, ते बरोबर. दोन्ही नर. मोठ्या लालसरीच्या नराचं डोकंही तांबूस असतं, पण त्याची चोच लालभडक असते, बांधावरूनसुद्धा लपत नाही. तुझ्या बदकांची चोच काळी, मधे फिकट निळसर पट्टा. म्हणजे तिथे प्रश्नच नाही.

मात्र खाली ‘इतर तपकिरी बदके, ७, अनोळखी’ एवढं लिहून तू वही मिटलीस. हे पत्र त्या सातांसाठी आहे. नर ओळखणं कुणालाही जमतं. बदकं खरी कळायला लागतात ती माद्यांपासून.

आधी रंग बाजूला ठेव. दुपारच्या उन्हात पाणी चकाकत असताना तपकिरी, काळपट, करडा सगळं एकच दिसतं. बदक पाण्यावर कसं बसलंय ते बघ. थापट्या, हळदी-कुंकू, तलवार बदक ही उथळ पाण्यातली मंडळी. अंग पाण्याच्या बरंच वर, शेपटी उचललेली, आणि खायचं झालं की डोकं खाली, बूड वर. बुडी मारणारी बदकं पाण्यात खोल बसतात, पाठ मागे उतरत जाते आणि शेपटी जवळजवळ पाण्याला टेकते. त्यांचे पाय लाँचच्या पंख्यासारखे पार मागच्या बाजूला असतात. पाण्याखाली त्याने जोर मिळतो, जमिनीवर चाल मात्र फेंगडी होते. अंगाच्या मानाने पंख लहान, त्यामुळे जागच्या जागी उसळी मारून उडता येत नाही. पाण्यावर पाय आपटत थोडं धावावं लागतं.

धावतो तर वारकरीही, आणि बुडीही मारतो. म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नकोस. वारकऱ्याची चोच आणि कपाळावरचा टिळा पांढरा, आणि पोहताना मान सारखी मागे-पुढे होते. तुझ्या तिसऱ्या फोटोत कोपऱ्यात आहे तो वारकरीच. राहिली सहा.

आता डोकं बाजूने बघ. लालसरीचं (यापुढे लालसरी म्हणजे छोटीच) कपाळ उतरतं आणि मधे खाच न पडता थेट लांब चोचीत मिसळतं. माथ्याचा उंचवटा डोळ्याच्या जरा मागे. ही एवढी एक रेघ मनात बसली की नर-मादी, कोवळं-जून काहीही असो, लालसरी चुकत नाही. शेंडी बदक हे दुसरं बुडी मारणारं बदक. त्याचं डोकं गोल, कपाळ उभं, डोळा पिवळा, आणि मादीला शेंडी म्हणावी तर जेमतेम दोन पिसांची. लालसरीच्या मादीचा डोळा गडद असतो, नराचा लाल. मादीचं डोकं आणि छाती तपकिरी, पाठ आणि कुशी करड्या. डोळ्याभोवती फिकट कडं, तिथून मागे जाणारी फिकट रेघ, आणि चोचीच्या मुळाशीही तसाच फिकटपणा. या खुणांवर तुझ्या सहांपैकी चार लालसरीच्या माद्या ठरतात. पाचवी शेंडी बदकाची मादी. सहावीने चोच पिसांत खुपसली आहे, तिला अनोळखीच राहू दे. वहीत असा एखादा ‘अनोळखी’ असलेला मला आवडतो.

एक सापळा सांगून ठेवतो. शेपटीखाली पांढरं दिसलं की पांढऱ्या डोळ्याचं बदक म्हणून नोंद करायची घाई बरेच जण करतात, कारण ते दुर्मिळ आणि नोंद भाव खाते. पण शेंडी बदकाच्या काही माद्यांनाही शेपटीखाली पांढरं असतं. शिवाय त्या दुर्मिळ बदकाच्या मादीचा डोळा गडदच असतो, पांढरा फक्त नराचा. तिथेही डोक्याचा आकार बघायचा, आणि अंगाचा गडद, एकसारखा तांबूस रंग. उडताना पंखावरची पट्टी बघ: शेंडी बदक आणि पांढऱ्या डोळ्याचं बदक या दोघांची पांढरी आणि ठळक, लालसरीची राखाडी, मळकट.

तू लिहितेस की दोन तास बसलीस आणि एकानेही बुडी मारली नाही. मारणार कशी? लालसरी बरंचसं खाते रात्री. दिवसा धरणाच्या भिंतीकडच्या खोल पाण्यात थवा करून झोपते. एक-दोन मीटर खोलीवर तळाचं शेवाळ, बिया, गोगलगायी, किड्यांच्या अळ्या हे तिचं जेवण. म्हणून दुपारऐवजी दिवस कलताना जा, थवा तेव्हा जागा व्हायला लागतो. ऊन पाठीशी राहील अशी बाजू निवड. पाणी उपसणाऱ्या मोटारींच्या पायपांशेजारी बसलीस तर चालेल, तिथल्या माणसांची त्यांना सवय असते. काठाने चालत पुढे पुढे सरकू नकोस. झोपेतला थवा उठवला की त्या धावण्यात रात्रीची कमाई खर्च होते. आणि ते ड्रोनवाले मित्र कृपया घरी ठेव.

यापुढे नर आणि माद्या वेगळ्या मोज. हिवाळ्यात लालसरीचे नर उत्तरेकडे जास्त थांबतात, माद्या अधिक दक्षिणेला येतात. म्हणजे माणदेश-खटावच्या पाण्यावर ज्या तपकिरी बदकांना आपण एका ओळीत गुंडाळतो, त्यांच्यातच कामाची माहिती असते. युरोप आणि उत्तर आफ्रिकेत १९८९-९० साली नर साधारण ६१ टक्के मोजले गेले, २०१६ मध्ये ७० च्या आसपास. अंड्यांवर बसलेली मादी शिकारी प्राण्यांच्या तोंडी पडते, हे त्यामागचं एक कारण मानतात. २०१५ पासून ही जात धोक्यातल्या जातींच्या जागतिक लाल यादीत ‘असुरक्षित’ गटात आहे. जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेत आकडा देताना एकूण दिलास तरी चालेल, स्वतःच्या वहीत मात्र दोन रकाने कर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आलेले काही नर आणि त्या वर्षीची पिल्लं मळक्या रंगातच असतात, म्हणून हे दोन रकाने डिसेंबरनंतरचेच धर.

येरळवाडी, मायणी, कानसेवाडी आणि सूर्याचीवाडी हे चारही तलाव २०२१ पासून मायणी पक्षी संवर्धन राखीवमध्ये आहेत. चारही ठिकाणी एकाच आठवड्यात फिरता आलं तर बघ. फेब्रुवारीत पाणी मागे हटलं, उघड्या पडलेल्या गाळात पेरणी म्हणजे गाळपेर सुरू झाली, की खोल पाणी उरेल तिथेच बुडी मारणारी बदकं सापडतील, आणि येरळवाडीच्या उथळ भागात थापटे. कुठल्या तलावावर खोल पाणी सर्वांत शेवटपर्यंत टिकतं, ते भिंतीवरच्या, पाण्याची पातळी दाखवणाऱ्या पट्टीचे आकडे बघून लिहून ठेव.

पुढच्या खेपेला फोटोपेक्षा थवा उडतानाचा मोबाइलवरचा व्हिडिओ पाठव, त्याच्याआधी तो आपणहून उडेपर्यंत थांब. पंखावरची पट्टी त्यात स्पष्ट दिसेल.

तुझे,
सर