सुपरहिरोंच्या टोळीसमोर देवाएवढा पाहुणा उभा केलाय, आता समांतर जगांचं काय करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाच सुपरहिरोंची गोष्ट लिहिताय, आभाळातून देवाएवढ्या ताकदीचा पाहुणा आलाय, त्याच्यापुढे टोळीतलं कुणीच पुरं पडत नाही. सुटका म्हणून समांतर जग आणलं, तर आधी लिहिलेलं सगळंच पोकळ वाटायला लागलं.

मी लोणार तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. आमच्या सातवीच्या पोरांनी शाळेच्या हस्तलिखितासाठी अशीच गोष्ट लिहायला घेतली होती, आणि ती तुमच्यासारखीच याच दोन जागी अडली. त्यामुळे तुमचा प्रश्न वाचला तेव्हा गप्प बसवलं नाही.

पाहुणा कुठे उतरवायचा, हा आमच्याकडे प्रश्नच नव्हता. काळ्या बेसॉल्टात उल्केच्या धडकेनं पडलेलं सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर सायकलनं गाठता येतं. पोरांचा पाहुणा त्यात येऊन बसतो आणि पाणी पितो. आधी सरोवराचं, मग विहिरींचं, मग बोअरचं. टोळीत एक पायाळू मुलगा, त्याला जमिनीखालचं पाणी कळतं. एक मुलगी नुसता हात लावून बंद पडलेली डीपी, म्हणजे गावाला वीज देणारं रोहित्र, सुरू करते. बाकीचे तिघं पानागणिक बदलत होते. पहिल्या मसुद्यात पाहुण्यानं दहा विहिरी आटवल्या की पायाळू अकरावी शोधायचा. दुसऱ्यात शंभर आटवल्या, तर यानं एकशे एकावी शोधली. वाचून दाखवताना वर्गच कंटाळला. ताकदीवर ताकद रचत गेलं की असंच होतं, कारण ज्याला मर्यादाच नाही त्याच्याशी मोजामाप करून काही हाती लागत नाही.

या प्रकारची पायाभूत कथा १९६६ची आहे. ‘फॅन्टॅस्टिक फोर’ या चार सुपरहिरोंच्या अमेरिकी कॉमिकचे अंक ४८ ते ५०, स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांचे. गॅलॅक्टस येतो. तो ग्रह खाऊन जगतो. त्याचा पृथ्वीवर राग नाही, त्याला भूक लागली आहे. आमच्या पोरांना हे लगेच कळलं. न आलेल्या पावसाचं तरी कुठे कुणाशी वैर असतं? चौघांचं बळ त्याच्यापुढे काहीच नाही. शेवटी त्याच्याच यानातून आणलेलं एक हत्यार रोखून त्याला माघारी पाठवतात, पण मला ते हत्यार दुय्यम वाटतं. गोष्ट खरी वळते ती आधी. गॅलॅक्टसचा दूत सिल्व्हर सर्फर मार खाऊन कोसळतो तो ॲलिशिया मास्टर्स या अंध शिल्पकार बाईच्या घरात. ती त्याच्याशी माणसासारखी बोलते. आपण कुणाच्या मरणाची वर्दी घेऊन आलो आहोत, हे त्याला तेव्हा कळतं आणि तो धन्याविरुद्ध उभा राहतो. आमच्या लोणारच्या दंतकथेतही लपून बसलेल्या लवणासुराचा ठावठिकाणा विष्णूचा अवतार असलेल्या दैत्यसूदनाला लागतो तो असुराच्या बहिणींकडून. म्हणून माझं म्हणणं, पाहुण्याशी भिडण्याआधी त्याच्याजवळचं कुणीतरी शोधा.

मी पोरांना एवढंच विचारलं, की तुमच्या पाहुण्याच्या आधी कोण येतं? पहिल्याच बाकावरून उत्तर आलं, “टिटवी.” तिचं रात्रीचं ओरडणं आमच्याकडे अशुभ मानतात. शिवाय ‘टिटवी देखील समुद्र आटविते’ ही म्हण त्यांना पाठच होती. मग त्यांनी जे लिहिलं ते माझ्या डोक्यात कधीच आलं नसतं. टिटवी निरोप घेऊन उतरते आणि उघड्या वावरात अंडी घालते. पायाळू मुलाचा बाप पेरणीआधीची वखरणी करत असतो. अंडी दिसताच तो बैल वळवतो, तेवढी जागा न वखरता सोडतो आणि पुढे जातो. त्याला ही कोण आहे ते माहीतही नसतं. आमच्याकडे शेतकरी असं करतातच, त्यात त्या पोरांना काही विशेष वाटत नव्हतं. टिटवी मात्र ते बघते.

आता समांतर जगांबद्दल. तिसऱ्या मसुद्यात डीपीवाली मुलगी मरते. ते मरण एका मुलीनं घरी बसून लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी एका पोट्ट्यानं दुसऱ्या जगातून तशीच्या तशी मुलगी आणून टोळीत उभी केली. लिहिणारीनं वही आपटली. “मंग मी कायले मारलं तिले सर? रातभर रडली ना मी!” ती बरोबर होती. तुमची गोष्टही इथेच पोकळ झाली आहे. तुमचं दुसरं जग म्हणजे सुट्या भागांचं दुकान झालंय.

मुळात ते तसं नव्हतं. १९६१मध्ये ‘द फ्लॅश’ या अफाट वेगानं धावणाऱ्या सुपरहिरोच्या कॉमिकच्या १२३व्या अंकात गार्डनर फॉक्स यांनी दोन फ्लॅश समोरासमोर आणले. एक १९४०चा जे गॅरिक, दुसरा १९५६चा बॅरी ॲलन. दोन्ही जगं एकाच जागी, फक्त कंपनं वेगळी. पण जे हा बॅरीचा बदली खेळाडू नाही. त्याचं वय झालंय, त्याचं शहर वेगळं, संसार वेगळा. पुढे जगांची इतकी गर्दी झाली की १९८५मध्ये बारा अंकांच्या ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’मध्ये ती आवरावी लागली. त्यात सातव्या अंकात सुपरगर्ल मरते आणि आठव्यात बॅरी. अनंत जगं हाताशी असतानाही बॅरीच्या जागी दुसरीकडचा बॅरी आणला नाही. त्याचा तरुण साथीदार वॅली वेस्ट यानं त्याचा पोशाख अंगावर घेतला. बॅरी परतला तो २००८मध्ये, आणि मधली सगळी वर्षं ते मरण खरं राहिलं.

तेव्हा आम्ही एक नियम केला, की दुसऱ्या जगातून माणूस आणायचं नाही, आपण तिकडे जायचं. दार म्हणून पोरांनी सरोवराकाठची सासू-सुनेची विहीर घेतली. तिचं अर्धं पाणी गोड आणि अर्धं खारं, असं सांगतात. डीपीवालीची मैत्रीण गोड्या बाजूनं उडी मारते आणि खाऱ्या बाजूनं वर येते. तिकडे तिची मैत्रीण जिवंत आहे. टँकरच्या रांगेत पाणी भरायचा गुंड घेऊन उभी. ही तिला मिठी मारायला धावते, तर ती मागे सरकते. “तू कोनाची पोट्टी व?”

त्या जगात पाहुणा येऊन गेलेला असतो. विहिरी कोरड्या, सरोवराच्या जागी पांढरं मीठ. इकडून गेलेली मैत्रीण विचारत विचारत पायाळूच्या बापाच्या वावरात पोचते. तिथल्या बापानं बैल वळवले नव्हते, वखर सरळ गेलं होतं. तुमच्या दुसऱ्या जगाला असं काम द्या. आपल्या जगात एका माणसानं न बोलता काय वाचवलं, ते तिकडे गेल्याशिवाय त्या मुलीला कळलं नसतं.

ती एकटीच परत येते. इकडे टिटवी पाहुण्याच्या कानाशी जाऊन खोटं सांगते, की या गावात पाणीच उरलेलं नाही, तुमची वाट चुकली. पाहुणा उठून जातो, तिला मात्र नेत नाही. शेवटचं पान वही आपटणाऱ्या मुलीनंच लिहिलं. त्यात टिटवी झाडावर बसायचं सोडते आणि वावरातच राहते. रात्रभर ओरडते ती पाहुणा परत येत असेल तर त्याची दिशाभूल करायला. डीपीवालीच्या लहान भावाला वाटतं आपली बहीणच ओरडते आहे, आणि मैत्रीण त्याला तसं वाटू देते.